कार्ड, सिव्हिल की मेडिक्लेम? खान्देशातल्या घराने आजारपणाची तजवीज कशी करावी

"पाच लाखांचं सरकारी कार्ड आहे ना, मग मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरू?" जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात माझे मेडिकल आहे आणि हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. त्याच्या जोडीला दुसरा: "सरकारी दवाखान्यात सगळं फुकट झालंय म्हणतात, खरं का?" दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो. गेल्या वर्षी घरातला दवाखान्याचा पैसा नेमका कशात गेला?

बहुतेक घरांचा हिशोब सारखाच निघतो. बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, पोराच्या तापाला दोन सलाइन, आईच्या गुडघ्याचे एक्सरे, जळगावला जायची गाडी आणि बुडालेली मजुरी. ऑपरेशन दहा घरांमागे एखाद्याच घरात झालेले असते. पण ज्या घरात झाले, त्या घराने शेत गहाण टाकलेले असते किंवा सोने मोडलेले असते. निवड करायची ती हे दोन्ही खर्च समोर ठेवून. पाच लाख हा आकडा मोठा दिसतो म्हणून पहिला खर्च नजरेआड होतो, आणि माझ्या काउंटरवरून घरे खंगताना दिसतात ती त्याच खर्चाने.

सरकारी कार्ड: ऑपरेशनला भक्कम, गोळ्यांना निरुपयोगी

या कार्डामागची योजना आपल्याकडे नवी नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होते. जळगाव आणि नंदुरबारला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली तेव्हा मिळाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. सगळ्यात मोठा बदल १ जुलै २०२४ चा: संरक्षण पाच लाखांवर गेले आणि पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड चालू लागले. म्हणजे कागदावर तरी महाराष्ट्रातले प्रत्येक घर आता योजनेत आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे पाच लाखांचे कार्ड मिळते. घरात आजी-आजोबा असतील तर ते आधी काढा, त्याला पैसा लागत नाही.

बायपास, अँजिओप्लास्टी, कॅन्सरची केमो, किडनीचे डायलिसिस, अपघातातले हाड, या ठिकाणी कार्ड खरेच घर वाचवते. ते मी जवळून पाहिले आहे. ज्या ऑपरेशनला पूर्वी दोन एकर जात, ते आज रेशनकार्ड आणि आधार दाखवून होते. कोणी या योजनेला सरसकट नावे ठेवली तर मला ते पटत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, तीही यादीतल्या उपचारांसाठी. यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत कार्डावर होत नाहीत. ओपीडी, रोजच्या गोळ्या आणि भरती न होता केलेल्या तपासण्या खिशातूनच. डायलिसिस मोफत होते, पण आठवड्यातून दोन-तीनदा जायचे भाडे आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज कोण देणार? शिवाय योजनेतले दर परवडत नाहीत म्हणून काही रुग्णालये टाळाटाळ करतात. आमच्या नात्यातल्या एकाला एका खासगी रुग्णालयात "योजनेतला कोटा संपला" असे सांगून अनामत रक्कम भरायला लावली होती. असा कोटा नसतो. अशा वेळी काउंटरवर वाद घालत बसू नका. आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला बोलवा, तो नसेल तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा, आयुष्मानसाठी १४५५५. पैसे भरायची वेळ आलीच तर पावती घेतल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

सिव्हिल, उपजिल्हा आणि आरोग्य केंद्र

फुकट झालंय हे खरे आहे, पण अर्धे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत शुल्क नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र वेगळ्या खात्याची, वैद्यकीय शिक्षण विभागाची. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आता अशी महाविद्यालये आहेत: धुळ्याचे भाऊसाहेब हिरे १९८९ चे, जळगाव आणि नंदुरबारची अलीकडची. तिथे नाममात्र का होईना, दरफलकाप्रमाणे पैसे लागू शकतात. चोपड्यात मोफत झालेली तपासणी जळगावला पावती फाडून करावी लागली की माणसे चिडतात, त्यामागचे कारण हे आहे.

सरकारी दवाखान्याच्या तक्रारी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. रांगा, "बाहेरून आणा" म्हणून हातात दिलेली चिठ्ठी, तज्ज्ञांची रिकामी पदे, सोनोग्राफीची पुढची तारीख. चिठ्ठी घेऊन लोक माझ्याकडेच येतात, त्यामुळे ती तक्रार मला नाकारता येणार नाही. तरीही काही गोष्टींत सरकारी दवाखान्याला तोड नाही. बाळंतपण हे पहिले उदाहरण. २०११ पासून सरकारी रुग्णालयात नॉर्मल असो वा सिझर, औषधे, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळे मोफत आहे. मेडिक्लेममध्ये बाळंतपण बहुधा नसतेच, आणि असले तर काही वर्षे थांबावे लागते.

दुसरे उदाहरण साप चावण्याचे. पावसाळ्यात कपाशीच्या निंदणीत, रात्री केळीच्या बागेत पाणी धरताना साप चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी लस एकच आहे, पण सुरुवातीलाच तिच्या दहाएक बाटल्या लागतात आणि पहिला तास मोलाचा असतो. त्या तासात पाच लाखांचे कार्ड खिशात असून काही होत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का, ती लावणारा डॉक्टर रात्री हजर आहे का, एवढ्यावरच जीव ठरतो. म्हणून साप चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे नेऊ नका, थेट जळगावच्या मोठ्या खासगी दवाखान्याकडेही धावू नका; १०८ ला फोन करा आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठा.

सातपुड्यात हा प्रश्न अजून कठीण होतो. धडगाव, मोलगीच्या वरच्या पाड्यांवरून आजही बांबूला झोळी बांधून पेशंट रस्त्यापर्यंत आणतात. नर्मदेच्या काठच्या गावांना तरंगता दवाखाना आहे. तिथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ. सिकलसेलला बारा महिने हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या लागतात, अधूनमधून रक्त लागते. यातला रोजचा भाग कार्ड किंवा नेहमीचा मेडिक्लेम भरून देत नाही. तो आरोग्य केंद्रातूनच मिळायला हवा, नाहीतर मिळतच नाही.

मेडिक्लेम: कागद वाचणाऱ्याचे काम

नवरा-बायको चाळिशीतले, दोन मुले, दहा लाखांचे संरक्षण: वर्षाचा हप्ता वय आणि कंपनीप्रमाणे वीस-पंचवीस हजारांच्या आसपास जातो. आई-वडील जोडले की हिशोब दुपटीच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, हा दिलासा खरा आहे. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी थांबायची मुदतही २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे केली आहे, पूर्वी ती चार होती.

फायदा कुठे? यादीची अडचण कमी, दवाखाना निवडायला मोकळीक, सुरत-इंदूर-मुंबई कुठेही चालते. तोटे कागदात दडलेले असतात. एक आकडा बघा. पॉलिसी तीन लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज तीन हजार. पेशंटला सहा हजारांच्या खोलीत ठेवले. आता कंपनी फक्त भाड्यातले तीन हजार कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, थिएटरचे पैसे असे बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापते. ते ऐंशी हजार असेल तर चाळीस हजारच मिळतात. औषधे आणि बसवलेले सामान या कपातीतून वगळलेले आहे, पण एवढा धक्का पुरेसा असतो. एजंटाला पहिला प्रश्न हप्त्याचा विचारू नका, खोलीभाड्याच्या मर्यादेचा विचारा.

आणि शुगर असेल तर फॉर्मवर लिहाच. "लिहू नका, हप्ता वाढेल" असे सांगणारे एजंट भेटतात. क्लेम नाकारला जातो तेव्हा सही तुमची असते.

शेतकरी घराला एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. पॉलिसी जूनमध्ये सुरू करू नका. दरवर्षी नूतनीकरणाची तारीख पेरणीच्या तोंडावर येईल, आणि बियाणे की हप्ता असा प्रश्न उभा राहिला की कोणीही बियाणेच घेतो. मुदत उलटून पॉलिसी तुटली तर काढलेली वर्षे वाया जातात, थांबायची मुदत पुन्हा पहिल्यापासून. कापूस विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत सुरू करा.

जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल, चटई, पाइपच्या कारखान्यांत २१ हजारांच्या आत पगार असलेल्यांनी मेडिक्लेमआधी आपली ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापली जाते का ते बघावे. पगाराच्या पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक, आणि त्यात ओपीडीपासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत घरचे सगळे येतात. इतक्या पैशात इतके देणारे दुसरे काही नाही.

सगळ्यांना मोफत परवडेल का?

हा वाद कट्ट्यावर निघतो तेव्हा एक बाजू म्हणते, कर भरणारे थोडे आणि फुकट खाणारे फार. माझे उत्तर हिशोबाचे आहे. खर्च आजही होतोच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले ३९ लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये ते ६४ होते, म्हणजे सुधारणा झाली. पण सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठायचे ठरवले होते. खिशातून भरणारा माणूस आजारी असताना भरतो, कमाई बंद असताना भरतो. करातून भरणारा धडधाकट असताना, थोडाथोडा भरतो. गरीबही साबण-चपलेवर कर भरतोच, त्यामुळे "फुकट" म्हणणे मला चुकीचे वाटते.

अमेरिका आरोग्यावर उत्पन्नाच्या सतरा टक्क्यांच्या आसपास खर्च करते आणि तरी तिथे कोट्यवधी माणसे विम्याबाहेर आहेत. थायलंडने २००२ मध्ये सगळ्या देशाला करातून आरोग्यसेवा दिली, सुरुवातीला दर भेटीला फक्त ३० बाट घेऊन. तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत होता, पण अमेरिकेच्या जवळपासही नव्हता. त्यांनी आधी काही दशके जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालये बांधली, डॉक्टरांना खेड्यात पाठवले आणि मग सगळ्यांना कार्ड दिले. आपण कार्ड आधी वाटले. धडगावात सर्जन नसेल तर तिथल्या माणसाचे पाच लाख नाशिकच्या नाहीतर धुळ्याच्या खासगी रुग्णालयात जातात, आणि धडगावचा दवाखाना होता तसाच राहतो. एक रुपया कुठे घालायचा असे मला विचारले तर तो विम्याच्या आधी उपजिल्हा रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञावर आणि औषधाच्या कपाटावर घालावा.

माझ्या काउंटरवर म्हाताऱ्या मावशी दहा दिवसांची चिठ्ठी पुढे करून म्हणतात, "भाऊ, आते पाचच दिनन्या गोया दे." उरलेल्या पाच दिवसांच्या त्या बहुधा घेत नाहीत. अर्धवट घेतलेल्या बीपीच्या गोळ्यांतून पुढे पक्षाघात होतो आणि मग कार्ड बाहेर निघते. त्याच गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत असतात. माझे गिऱ्हाईक जाईल तरी मी त्यांना आधी तिकडे पाठवतो, आणि तिथे साठा नसेल तर स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता देतो.

कोणी काय करावे

मजुरी किंवा दोन-चार एकर कोरडवाहू असेल तर मेडिक्लेमच्या मागे लागू नका. रेशनकार्डात सगळ्यांची नावे आणि आधारशी जुळणारे स्पेलिंग आजच तपासा, योजना अडते ती इथेच. महिन्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून घ्या आणि हप्त्याचा पैसा गाडीभाड्यासाठी वेगळा ठेवा. मोठ्या ट्रस्ट रुग्णालयात जावे लागले तर वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला सोबत असू द्या. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा अशा रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत आणखी दहा टक्के सवलतीत.

बागायती केळी, दुकान किंवा नोकरी असेल, हप्ता सलग दहा वर्षे भरता येईल अशी खात्री असेल, तर चाळिशीच्या आत मेडिक्लेम घ्या, पण सरकारी कार्डही काढून ठेवा. सत्तरी पार केलेल्या आई-वडिलांसाठी महाग पॉलिसी घेण्यापेक्षा त्यांचे मोफत कार्ड पुरेसे ठरते का ते आधी बघा.

नंदुरबार, नवापूर, शहाद्याकडच्यांनी एक जास्त काळजी घ्यावी, कारण त्यांचा मोठा दवाखाना सुरतेत आहे. आयुष्मानचे कार्ड देशात कुठेही, योजनेतल्या रुग्णालयात चालते. फुले योजना राज्याची आहे, गुजरातेत तिच्यावर विसंबू नये. आपल्या घराची नोंद यातल्या कोणत्या यादीत आहे, हे निघण्याआधी गावच्या आशाताईला नाहीतर १४५५५ ला विचारून घ्या.