शहरातली सुरमई की धरणावरची मरळ?

संभाजीनगरात पाहुणे आले आणि मासे खायचा विषय निघाला, की माझ्यापुढं दोनच ठिकाणं उभी राहतात. एक शहरातलं मालवणी हॉटेल, घरापासून पंधरा मिनिटांवर. दुसरी पैठण रस्त्यावरची, जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या अलीकडची खानावळ, तिथं पोचायला सव्वा तास लागतो. दोन्हीकडं मी बरीच वर्षं जेवतोय. कुणी विचारलं तर आधी कोण कोण येणार आहे ते विचारतो आणि मग सांगतो. पण मनात एक पारडं आधीच थोडं खाली असतं, हे कबूल करतो.

मालवणी हॉटेलाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तिथली सोलकढी नारळाच्या दुधाची असते, नुसतं गुलाबी पाणी नसतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतात आणि त्याचा तो जिभेवर मुंग्या आणणारा वास आपल्याकडच्या कुठल्याच मसाल्यात नाही. पापलेटाला मधला एक काटा, बाकी सगळं मऊ मांस, त्यामुळं सात वर्षांची भाचीही एकटी बसून खाते. माझ्या आईच्या डोळ्यांना आता बारीक काटे दिसत नाहीत, तिलाही मी तिथंच नेतो. बसायला गार, हात धुवायला गरम पाणी, गाडी लावायला जागा. रात्री नऊ वाजता मनात आलं तरी जाता येतं. धरणावर रात्रीचं काही खरं नाही.

माझं मन उडालं ते एका साध्या गोष्टीवरून. तिथं मासा दाखवत नाहीत.

आमच्या घरी मासा घेणं म्हणजे आधी कल्ला उचलून बघणं. कल्ला लालभडक हवा, डोळा फुगीर हवा आणि बोटानं दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. वडलांनी हे मला पैठणच्या बाजारात उभं करून शिकवलं. सुरमई मात्र ताटात येते तीच तुकडी होऊन. डोकं नाही, कल्ला नाही, वरून रव्याचं कवच. ती काल आली की आठ दिवसांपूर्वी, हे ओळखायला काही उरतच नाही. एकदा मी वेटरला म्हणालो, "दादा, तळायच्या आधी जरा दाखवता का?" तो म्हणाला, "साहेब, फ्रीझरमधून काढता येत नाही, पण एकदम ताजी आहे." आवाजात आदर होता, त्याची तक्रार नाही. पण मेन्यूवर दराच्या जागी "साइझप्रमाणे" लिहिलेलं आणि तो साइझ मी बघायचाच नाही, हे मला त्या दिवसापासून पचलेलं नाही.

हा हट्ट नुसता चोखंदळपणाचा नाही. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे नीट बर्फात राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळूनही जात नाही. दुसऱ्या एका शहरात मी बांगडा खाल्ला आणि अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, ओठ चुरचुरायला लागले, डोकं ठणकलं. संध्याकाळपर्यंत उतरलं, पण तेव्हापासून दर्याचा मासा बघितल्याशिवाय घशाखाली नीट उतरत नाही. समुद्र आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्ग झाला तरी मासा बर्फातूनच येणार. त्यात १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई साठवणीतली असू शकते, किंवा पूर्व किनाऱ्याची, कारण तिकडची बंदी १४ जूनला उठते. चांगल्या साठवणीतला मासा वाईट असतो असं मी म्हणणार नाही. फक्त कुठला आहे ते सांगावं.

खानावळीत उलटं आहे. दारातच पाण्याचं टाकं, त्यात मरळ. मरळीला पाण्याबाहेरची हवा घ्यावी लागते, म्हणून थोड्याशा पाण्यातही ती दिवसभर जिवंत राहते. खानावळीचे मामा टाक्यात हात घालतात आणि विचारतात, "किती जण येऊ लागले?" चौघं म्हटलं की एक वर काढतात, "ही बघा, दीड किलोची हाय, बास होतीया." तुमच्यासमोर वजनकाट्यावर घालतात, तुमच्यासमोर कापतात. साफ केल्यावर वजन बरंच उतरतं, तेही आधी सांगतात. शहरात दोघांचं जेवढं बिल होतं, तेवढ्यात इथं आम्ही चौघं जेवलो आहोत.

चवीत मात्र हे दुसरंच जग आहे, कोकणातल्या माणसाला ते लगेच रुचेल असं नाही. रस्सा काळ्या मसाल्याचा, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, आंबटाला कोकमाऐवजी चिंच. सोबत ज्वारीची गरम भाकरी, ती चुरून रस्सा वर ओतायचा. गोड्या पाण्यातल्या माशाला, विशेषतः पावसाळ्यात, चिखलाचा वास येतो ही तक्रार खरी आहे. आंबटानं तो वास मोडतो. मामींचं मीठ, हळद, चिंचेचं पाणी लावून ठेवणं म्हणूनच मी कधी घाईत उरकू देत नाही. पाऊण तास लागतो. लागू द्यावा.

काट्यांचं काय? रोहू, कटला घेतला तर दुहेरी टोकाचे बारीक काटे शेपटीकडं जास्त असतात, म्हणून पोटाकडचा तुकडा मागावा. मरळ आणि वाम घेतली तर तो प्रश्नच फारसा राहत नाही. वाम सापासारखी दिसते म्हणून बरेच जण नाही म्हणतात. माझ्या बायकोनं पहिल्यांदा ताट सरकवलं होतं, आता ती मरळीच्या आधी वामेचं विचारते.

वडील सांगायचे, धरणाआधीही गोदावरीच्या डोहातला मासा भोई लोक दारावर आणून द्यायचे. १९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं, पाणी पसरलं आणि मासा मुबलक झाला. खानावळीत बसलं की तो पाण्यावरून येणारा वारा लागतो. चवीत त्याचाही वाटा असेल, नाकारत नाही.

तेव्हा लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल, वेळ कमी असेल, तर शहरातच जा आणि पापलेट मागवा, अख्खं येतं, निदान डोळा दिसतो. कोकणातले पाहुणे असतील तर त्यांना मालवणी हॉटेलात नेऊ नका, त्यांच्या घरी त्याहून चांगलं मिळतं. त्यांना आणि रविवारी मोकळे असाल तर स्वतःलाही, मी पैठणची वाट दाखवीन. सकाळी अकराच्या आत फोन करा. मरळी मोजक्याच येतात आणि दीड वाजेपर्यंत टाकं रिकामं होतं. नाथषष्ठीच्या दिवसांत जाऊ नका, मामा चूल पेटवत नाहीत, वारकऱ्यांना पाणी द्यायला उभे असतात.