कबुलीच्या बातमीनंतर ई-कोर्ट्स ॲप उघडाल तर

खुनात कोणी पकडला गेला आणि ‘आरोपीची कबुली’ अशी पट्टी टीव्हीवर झळकली, की दुसऱ्या सकाळी तर्री-पोह्याच्या गाड्यावर निकाल लागलेला असतो. ‘कबूल केलं ना भाऊ त्यानं, मंग कोर्ट काऊन पायजे?’ संध्याकाळी नागपूरच्या संविधान चौकात मेणबत्त्या आणि फाशीच्या मागणीचे फलक. हा संताप खरा असतो, कोणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं. पण पट्टीवरची कबुली कोर्टात पोचली का, हे पाहायचं असेल तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप हाताशी आहे. फुकट आहे, मराठीतही चालतं. फक्त ते वाचता आलं पाहिजे.

शोधाची सर्वात खात्रीची वाट एफआयआर क्रमांकाची. महाराष्ट्र, नागपूर, न्यायालय संकुल, मग पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष. क्रमांक बातमीत नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’मध्ये तारखेवरून मिळतो, तिथे नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण हे वेगळे जिल्हे धरलेत, चुकीचा निवडला की पान कोरं येतं. लैंगिक गुन्ह्यांचे आणि संवेदनशील एफआयआर तिथे टाकतच नाहीत. नावावरून शोधणं कटकटीचं, कारण इंग्रजी स्पेलिंग नोंदवणाऱ्याच्या मर्जीचं असतं.

ॲपची मोठी उणीव अशी की लोक सर्वात जास्त पेटलेले असतात तेव्हाच त्यात फारसं काही नसतं. खुनात दोषारोपपत्राला ९० दिवसांची मुदत असते, आणि बहुतेक प्रकरणं ते दाखल झाल्यावरच तिथे दिसू लागतात. पीसीआर (पोलीस कोठडी) किती दिवसांचा मिळाला, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) कधी झाला, हे तोवर बातमीतूनच कळणार. कोरं पान पाहून ‘प्रकरण दाबलं’ म्हणायची घाई नको.

मुळात पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ आणि २६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कारण उघड आहे: कोठडीत मार किंवा आमिष देऊन काहीही वदवता येतं. या कायद्यातला अपवाद एवढाच की आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. ‘मी त्याला चाकूनं मारलं आणि चाकू नाग नदीच्या पुलाखाली टाकला’ यातलं ‘मारलं’ गळतं, ‘पुलाखाली टाकला’ राहतं, तेही चाकू खरंच तिथून निघाला तर. त्याचा मेमोरंडम पंचनामा होतो, म्हणजे आरोपीचं ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतात. पुढे पंच फितूर झाले की प्रकरण इथेच डळमळतं.

चालणारी कबुली म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. ‘तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे मॅजिस्ट्रेटला आधी सांगावं लागतं. आरोपी नको म्हणाला तर त्याला परत पोलीस कोठडीत धाडता येत नाही. हा जबाब ॲपवर वाचायला मिळत नाही.

आता सर्वात जास्त फसवणारी नोंद. खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो, म्हणून मॅजिस्ट्रेट तो तिकडे वर्ग करतात. त्या क्षणी मॅजिस्ट्रेटकडच्या नोंदीवर ‘डिस्पोज्ड’ (निकाली) लागतं. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतो आणि ‘केस बंद केली’ अशी आवई उठते. निकालाच्या रकान्यात ‘कमिटेड’ (वर्ग केला) असेल तर खटला बंद झालेला नाही; आता तो नव्या क्रमांकानं सत्र न्यायालयात शोधायचा. तो सापडला की ‘माय केसेस’मध्ये जतन करा. यादी फोनमध्येच राहते, त्यामुळे ॲप काढण्याआधी ती एक्स्पोर्ट करून ठेवा.

तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशीचं कामकाज दिसतं. आरोप निश्चितीच्या दिवशी न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? उत्तर बहुधा ‘नाकबूल’. मग ‘पलटला’ म्हणून पुन्हा ओरड. त्याआधी त्यानं कोर्टात काही कबूल केलेलंच नसेल, तर पलटला कशावरून?

कबुली आणि पुरावा यांतलं अंतर नागपूरनं जवळून पाहिलंय. २००४ च्या ऑगस्टमध्ये अक्कू यादव या गुंडाला जमावानं कोर्टातच ठार मारलं, तेव्हा त्याची दहशत सोसलेल्या वस्तीतल्या कितीतरी बायका ‘आम्हालाच अटक करा’ म्हणत पुढे आल्या. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले.

पाचपैकी साडेतीन गुण. तारखा आणि टप्पे यांसाठी ॲप चोख. अर्धा गुण आदेश उशिरा चढतात म्हणून कापला आणि एक पूर्ण गुण त्या ‘डिस्पोज्ड’साठी. तिथे ‘सत्र न्यायालयाकडे वर्ग’ असं मराठीत लिहायला काय हरकत आहे?