राणी छाप रुपया: कानाने पारखावा, काट्यावर की पाण्यात?

दिवाळीच्या तोंडावर राणी छाप, राजा छाप म्हणजे ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयांना गिऱ्हाईक वाढतं आणि नकली नाणीही तेव्हाच जास्त फिरतात. घेण्याआधी कोणती परीक्षा करावी, यावर घरात प्रत्येकाचं मत वेगळं.

जुनी माणसं रुपया वाजवून घेत. चांदीचा बंदा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारली की बारीक, लांबत जाणारा नाद देतो; शिशाचा किंवा ओतीव तुकडा 'थप्' करतो. पण एकेकाळी माळेत ओवलेल्या, कडी झाळून जोडलेल्या अस्सल रुपयाचाही आवाज बसतो. त्यामुळे कान संशय घ्यायला ठीक, निकाल द्यायला अपुरा. लोहचुंबक त्याहून कमी कामाचं. नाणं चिकटलं तर चांदी नाही हे नक्की, पण पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) यांतलं काहीच चिकटत नाही.

वजनकाटा मात्र बराच खरं बोलतो. 1939 पर्यंतचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. झिजलेला 11.4 भरला तरी चालेल. बाराच्या वर गेला तर ठेवून द्या. झीज वजन वाढवत नाही! अडचण एवढीच, की जाडी थोडी वाढवून हलक्या धातूतही तोळा भरता येतो.

तिथे पाणी उपयोगी पडतं आणि माझा सर्वाधिक विश्वास त्यावरच. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या, वर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं सोडा. काट्यावर येतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; तेवढ्याच वजनात धातू जितका हलका, तितका आकडा मोठा. राणी छाप रुपयाला काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरला 1.35 च्या पुढे. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकायला विसरू नका, आकडा त्यांनीच फसतो. 1940 ते 1945 चे रुपये निम्म्याच चांदीचे, त्यांचा आकडा 1.22 येतो. त्यांच्या कडेवर मध्ये खाच असते, तीही पाहून लोक उगाच 'नकली' म्हणतात.

सराफाकडची कसोटी आणि तेजाब नेमकं सांगतात, पण ओरखडा कायमचा राहतो. संग्रहासाठी घ्यायचं असेल तर हात लावू देऊ नका. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र, नाण्याला धक्का न लावता टक्के सांगतं, तरी ते पृष्ठभागच वाचतं; मुलामा जाड असेल तर तेही चकतं.

आता खरी गोम. चांदी खरी म्हणजे नाणं खरं, असं नाही. दुर्मिळ सालाची नक्कल चांगल्या चांदीतच पाडली किंवा साध्या रुपयाचा आकडा खोडून बदलला, तर वरच्या साऱ्या परीक्षा ती पास होते. तिथे भिंगच लागतं: अक्षरांच्या कडा बोथट, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेवर सांधा, दाते विषम. 1939 चा रुपया किंवा 1911 चा, ज्याच्या राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून सरकारने तो मागे घेतला, असं काही स्वस्तात मिळत असेल तर जाणकार संग्राहकाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

एका प्रकाराला तर काटाही लागत नाही: एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, किंमत मात्र पितळेची द्या.

पूजेसाठी एकदोन साधे रुपये घेणार असाल तर काटा आणि पाणी पुरे.