गाडीतल्या घरासाठी कॉफीमेकर: माझा कौल स्टीलच्या मोका पॉटला

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. मोटरहोमसाठी स्टीलचा चार कपांचा मोका पॉट घ्या, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं. एकटेच फिरत असाल तर एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी काढायची नळी. विजेवर चालणारं ड्रिप मशीन घरच्या ओट्यावरच राहू द्या. आणि काचेच्या फ्रेंच प्रेसला (पावडर भिजवून दांड्याच्या जाळीने चोथा तळाला दाबायचं भांडं) गाडीची पायरीसुद्धा चढू देऊ नका.

आता कारणं. मी बडोद्याचा, सारी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत मेंटेनन्सला गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती किती सुंदर दिसते यापेक्षा ती कुठे गळेल, कुठे अडेल आणि धक्का बसला की तिचं काय होईल, हेच आधी डोक्यात येतं. निवृत्तीनंतर फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर दोघांपुरतं मोटरहोम बांधून घेतलं. आमची ही चहावाली, मी कॉफीवाला. चहाला एक पातेलं आणि गाळणं पुरतं. कॉफीचा संसार मोठा, म्हणून हे सगळं लिहायची वेळ.

कॉफीमेकर निवडताना लोक चवीपासून सुरुवात करतात. घरात ते ठीक आहे. गाडीत पहिला प्रश्न हा की गाडी चालू असताना ही वस्तू कुठे राहणार. दुसरा, ती वीज किती ओढणार. तिसरा, तिला धुवायला पाणी किती लागणार. या तिन्हीतून जे पार पडेल त्याची चव बघा.

ड्रिप मशीन भाच्याने हौसेने भेट दिलं होतं. एक हजार वॅटचं. वरवर पाहता ते गाडीत चालायला हरकत नव्हती. आमची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे जवळजवळ अडीच युनिट वीज. मशीन आठ-दहा मिनिटं चाललं तर दीडशे वॅट-तासांच्या आसपास जातील. एवढ्याने काही दिवाळं निघत नाही. अडचण दुसरीकडेच आहे. बारा व्होल्टवरून हजार वॅट खेचायचे म्हणजे इन्व्हर्टरची घट धरून नव्वद-पंचाण्णव अँपिअर करंट. गाडी ज्यांनी बांधून दिली त्यांनी इन्व्हर्टर दीड हजार वॅटचा लावला खरा, पण बॅटरीपासून त्याच्यापर्यंत केबल टाकली ती दिवे-पंख्याच्या हिशेबाने. मशीन चालू केलं आणि पाच मिनिटांनी मी केबलवर हात ठेवला, तर हात ठेववत नव्हता. इन्सुलेशन मऊ पडायला लागलं होतं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या इलेक्ट्रिशियनने डोकावून बघितलं आणि एका वाक्यात विषय संपवला, “साहेब, आमां मशीन नहीं चाले.” म्हणजे यात मशीन चालायचं नाही. पुढे त्याच्याकडूनच पन्नास चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज बसवून घेतला. बांधणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “साहेब, कॉफीचं तुम्ही सांगितलंच नव्हतं.” आता यावर काय बोलायचं! इन्व्हर्टर जेवढ्याचा, केबल तेवढ्याची, हे काय गिऱ्हाइकाने सांगायचं?

केबल बदलल्यावर मशीन चाललं असतं. तरी मी ते घरी ठेवलं, कारण त्याची बाकीची लक्षणंही गाडीची नाहीत. खालची गरम प्लेट कॉफी झाल्यावरही वीज खात बसते. भांडं काचेचं. टाकीत थोडं पाणी उरतंच, आणि पहिल्या वळणाला ते कपाटात सांडतं. उंचीही आड आली. आमच्या खालच्या कपाटात मोकळी जागा २८ सेंटिमीटर, मशीन ३१. तीन सेंटिमीटरसाठी सुतारकाम कोण करणार? ज्यांची गाडी जुन्या ट्युब्युलर बॅटरीवर आहे त्यांनी तर हा नादच सोडावा. एवढा करंट ओढला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि बॅटरीत चार्ज असूनही इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. कॅप्सूलवाल्या मशीनचं वॅटेज याहूनही जास्त असतं, शिवाय रिकाम्या कॅप्सूलांचा कचरा सांभाळा.

आणि खरं म्हणजे एवढ्या विजेची गरजच काय? अर्धा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंच्याण्णवपर्यंत न्यायला हिशेबाने जेमतेम चाळीस वॅट-तास ऊर्जा लागते. छोट्या गॅसवर ते काम चार-पाच मिनिटांत होतं.

फ्रेंच प्रेसची कॉफी मला आवडते, हे आधी कबूल करतो. भरदार, दाट, तळाला थोडा गाळ असलेली. काच फुटते हे कोणीही सांगेल, आणि त्यावर दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस हा उपायही आहे. पण धुण्याचं काय? तळाशी चिकटलेला ओला चोथा, जाळीत अडकलेले कण, दांड्याच्या खालच्या तीन चकत्या सोडवून धुवायच्या. घरी नळ सोडला की झालं. आमची पाण्याची टाकी ऐंशी लिटरची, त्यात दोघांच्या आंघोळी, भांडी, सगळं. एका कपासाठी दीड-दोन लिटर पाणी घालवणं कच्छच्या रणात जिवावर येतं. बरं, तो चोथा सिंकमध्ये गेला की खालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसतो. मोटरहोमचा ड्रेन पाइप बारीक, उतार कमी. चहापत्ती आणि कॉफीचा चोथा या दोन गोष्टी आमच्या सिंकला वर्ज्य आहेत.

इथे एरोप्रेस बाजी मारतो. ॲलन ॲडलर नावाच्या अमेरिकन माणसाने तो २००५ साली बाजारात आणला. हा तोच, ज्याने लांबवर उडणारी एरोबी चकती बनवली होती. उडती चकती करणाऱ्याला कॉफीचं सुचावं, म्हणजे कमाल आहे. कॉफी काढून झाली की टोपी उघडायची, दट्ट्या पुढे ढकलायचा, की चोथ्याची घट्ट वडी थेट कचऱ्याच्या पिशवीत. दट्ट्याचं रबरी तोंड ओल्या फडक्याने पुसला की काम झालं. पडला तरी फुटत नाही, वजन नगण्य. ठेवताना एक काळजी घ्या: दट्ट्या नळीत अर्धवट ठेवू नका. आरपार ढकलून बाहेर काढून ठेवा, नाहीतर रबर दाबून बसतं आणि पुढे हवा धरत नाही. पावसाळ्यात कागदी फिल्टर दमट होतात, ते झिपच्या पिशवीत. माझी तक्रार एवढीच की एका वेळी एकच कप होतो, आणि दाबताना खाली जाड, रुंद बुडाचा मग लागतो. पाहुणा आला की तुम्ही आपले दाबत बसा.

आता मोका पॉट. अल्फोन्सो बियालेट्टी या इटालियन माणसाने १९३३ मध्ये अॅल्युमिनियमचा अष्टकोनी मोका पॉट आणला, आणि आजही रचना तीच आहे. खाली पाणी, मध्ये पावडरची चाळणी, वर कॉफीचं भांडं. खालचं पाणी तापलं की वाफेचा दाब पाण्याला पावडरमधून वर ढकलतो. दाब एक-दीड बारच्या आसपास. एस्प्रेसो मशीनचा नऊ बार, तेव्हा याला एस्प्रेसो म्हणू नये, पण दूध घातल्यावर दम टिकवून धरते अशी कडक कॉफी हमखास मिळते. बाजूला पितळेचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. माझ्यासारख्याला तो दिसला की बरं वाटतं. पाणी नेहमी त्याच्या खालपर्यंतच भरा आणि अधूनमधून त्याची टाचणी हलते का ते बघा. खारं पाणी असलं की तिथे क्षार साचतात.

पावडर चाळणीत भरायची ती सपाट, दाबायची अजिबात नाही. दळण रव्यापेक्षा बारीक, पण पिठासारखं नको. फिल्टर कॉफीची चिकोरीमिश्रित पावडर यात घालू नका. ती फुगते आणि वाट अडवते. चिकोरीशी माझं वैर नाही. आपल्या शेजारच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतच ती पिकते, आणि रात्री गाडी एका जागी उभी असेल तेव्हा स्टीलच्या मद्रासी फिल्टरमध्ये डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) टाकून झोपायला मला आवडतं. पण फिल्टरला गाडी स्थिर हवी. सकाळी सहाला निघायचं असेल तर तो अर्धा भरलेला फिल्टर कोण मांडीवर घेऊन बसणार?

मोका पॉटमध्ये मी पाणी आधीच गरम करून ओततो. थंड पाणी चढेपर्यंत पावडर नुसती तापत राहते आणि कॉफीला जळका वास येतो. मात्र गरम बूड फडक्याने धरून आवळावं लागतं. आच मंद ठेवायची. वर तपकिरी धार यायला लागली आणि मग फसफस आवाज झाला की लगेच उतरवायचा. शेवटचा फसफसाट सगळा कडूच असतो.

स्टीलचाच का? अॅल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, ओला राहिला की आतून पांढरट किंवा काळा पडतो, आणि आदळला की त्याच्या काठाला पोचा येतो. एकदा काठ वाकला की सांध्यातली रबरी चकती, म्हणजे गॅस्केट, बसत नाही. पण स्टीलवाल्यांनाही एक सांगायचं आहे. चार कपी पॉटचं बूड साडेनऊ-दहा सेंटिमीटरचं असतं, आणि पुष्कळ इंडक्शन शेगड्यांना एवढं छोटं भांडं ओळखूच येत नाही. शेगडी टूं टूं करून बंद पडते. तेव्हा घ्यायच्या आधी दुकानात स्वतःच्या शेगडीची माहिती घेऊन जा. मी गॅसच वापरतो. ज्योत बुडाबाहेर येऊ देत नाही, नाहीतर दांड्याचं बॅकेलाइट करपतं. मोठ्या बर्नरवर पॉट डगमगतो, त्यासाठी तारेची लहान जाळी ठेवली आहे. गॅस पेटवला की छताचं झरोकं आणि एक खिडकी उघडी, मग बाहेर कितीही गारठा असो. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, त्याला वास नसतो. ब्युटेन गॅसच्या डब्या पुढच्या काचेमागे उन्हात ठेवू नका, पन्नास अंशांच्या वर नेऊ नका असं त्यांच्यावरच छापलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. कॉफी पावडरचंही तेच. मी शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं घेतो, फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात घालून सर्वांत खालच्या, सावलीच्या बाजूच्या कपाटात.

दुधासाठी टेट्रापॅक. न फोडलेलं फ्रीजबाहेर राहतं, यापुढे काही सांगायची गरज नाही.

ठेवण्याची गोष्ट मात्र नीट सांगतो. बोडेलीच्या पुढे छोटा उदेपूरकडे जाताना पॉटचं झाकण इतकं वाजायला लागलं की ही म्हणाली, “अहो, तुमच्या देवघरातली घंटा थांबवा आधी.” झाकण आणि भांडं यांच्यामध्ये घडी केलेला सुती रुमाल घातला, आवाज बंद. पण नुसता रुमाल पुरत नाही. साठच्या वेगात जोरात ब्रेक लागला तर मोकळा पॉट पुढच्या सीटपर्यंत येतो, आणि स्टीलचा पाऊण किलोचा गोळा डोक्यात बसावा असं कोणाला वाटेल? मकरपुऱ्यातच पत्र्याचं काम करणाऱ्याकडून दीड मिलिमीटर स्टीलचा एक गोल कप्पा वाकवून घेतला, आतून नमदा चिकटवला, आणि तो ओट्याखालच्या कपाटाच्या तळाला चार स्क्रूंनी आवळला. पॉट त्यात उभा बसतो, वरून एक वेल्क्रोचा पट्टा. कपाटाला दाबून बसणारं लॅच, चुंबकाचं नाही. चुंबक खड्ड्याला सोडून देतो. जड ते खाली, हलकं ते वर, आणि झोपायच्या जागेच्या वर तर काहीच नाही.

पॉट ओला बंद करून ठेवू नका. मी तिन्ही भाग सुटे करून पुसतो, गॅस्केट वरच्या भागातच राहू देतो, आणि आवळतो ते निम्मंच. पूर्ण आवळून महिनाभर ठेवला की रबर चपटं होतं आणि पुढच्या वेळी सांध्यातून वाफ निघते. साबण फार लावत नाही. गरम पाण्याने विसळून काढला तरी पुरतं, पाणी लागतं दोन पेले.

माउंट अबूला, बाराशे मीटरवर, पाणी शहाण्णव अंशांच्या आसपास उकळतं. तिथे उघड्या पातेल्यातला चहा थोडा जास्त वेळ मागतो, हिच्या लक्षात आलं होतं. मोका पॉटमध्ये तसा फरक मला जाणवला नाही.

माझा पॉट देशी बनावटीचा, दीड हजाराच्या आत आला. इटालियन नावाचे याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतात, दिसायला देखणे, हातात वजनदार. गाडीत आपटायचाच आहे, तर मी देशीच घेईन. बडोद्यात मांडवीकडच्या भांड्यांच्या दुकानांत चौकशी केली तर मोका पॉट म्हटल्यावर बहुतेक जण स्टोव्हवरची केटली दाखवतात, तेव्हा ऑनलाइनच घ्यावा लागला. त्याच वेळी दोन जादा सिलिकॉनची गॅस्केट आणि एक जादा चाळणी मागवा. मापं कंपनीगणिक बदलतात आणि नंतर तेच माप शोधत बसावं लागतं.

चार कप म्हणजे इटालियन चार कप, पन्नास-पन्नास मिलिलिटरचे. आपल्या मगात दूध घालून जेमतेम दोघांची कॉफी होते. मुलगी, जावई, नातवंडं आली की मी पॉट बाजूला ठेवतो आणि मद्रासी फिल्टर काढतो.