काटा फिरत होता, व्हॉल्व्ह नाही

तुळजापुरात माझं छोटं लॉज आहे. भाविक पहाटे चारला आंघोळीला उठतात, त्यामुळं गरम पाणी ही आमची अब्रू. नवरात्राच्या तोंडावर मी गच्चीवर 2000 लिटरची सोलर टाकी आणि खाली इलेक्ट्रिक बॉयलर बसवून घेतला. खोल्यांकडून परत येणारं पाणी दिवसा सोलर टाकीत जावं आणि टाकी गार झाली की तिला वगळून थेट बॉयलरला जावं, असं ठरलं होतं. हे काम मोटरवाल्या थ्री-वे व्हॉल्व्हचं. तीन तोंडं आणि आत भोकाचा गोळा. सेन्सरचा हुकूम आला की मोटर गोळा फिरवते आणि पाण्याची वाट बदलते. एकट्या व्हॉल्व्हचे ठेकेदारानं 28,500 रुपये लावले, नवाकोरा म्हणून.

चाचणीच्या दिवशी त्यानं सेन्सर गार पाण्याच्या तांब्यात बुडवला. घर्र आवाज झाला आणि मोटरवरचा काटा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. "बघा मालक, आपोआप." मी तिथंच उरलेले सगळे पैसे चुकते केले.

नवरात्र निभावलं, कारण ऊन कडक होतं. पौषात शाकंभरी नवरात्र आलं आणि पहाटे पाणी कोमट. एक आजी कुडकुडत जिना उतरून आल्या, "लेकरा, पाणी गार हाय रे," म्हणाल्या. लाजेनं मान खाली गेली. लाइटबिल तर जवळपास दुप्पट आलं होतं. ठेकेदार म्हणाला, "बॉयलर लहान पडतोय, मोठा टाका." मी उचल द्यायला निघालो होतो.

माझा भाचा आयटीआय झालेला. रात्री तीनला त्यानं मला पाइपांपाशी नेलं. "मामा, हात लावा." काटा बॉयलरकडं होता, पण सोलर टाकीकडं जाणारा पाइप गरम लागत होता. म्हणजे बॉयलर रात्रभर गच्चीवरची गार टाकी तापवत होता. भाच्यानं तिथंच हिशेब मांडला: 2000 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला साधारण 46 युनिट.

सकाळी पाणी बंद करून मोटर उतरवली. मोटर आणि गोळ्याचा दांडा जोडणारा स्क्रू नव्हताच. सैल पडलेला नाही, काढलेला. कारण आतला गोळा क्षारानं सोलरच्या बाजूला घट्ट धरला होता; स्क्रू असता तर मोटर अडली असती आणि चोरी चाचणीतच उघडी पडली असती. तीन महिन्यांत आमच्या बोअरच्या पाण्यानंही एवढा जाड पांढरा थर बसत नाही. रंग खरवडला तर खाली पान्याचे जुने ओरखडे. बिलात 24 व्होल्ट लिहिलेलं, मोटरवरच्या स्टिकरखालच्या पट्टीवर 230.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "क्षार वॉरंटीत येत नाही." नंतर फोन उचलणंच बंद.

लॉज, दवाखाना, मंगल कार्यालय, कुठंही हा व्हॉल्व्ह बसवत असाल तर काट्यावर जाऊ नका. एसीच्या थंड पाण्याच्या लाइनवरही हीच फसवणूक होऊ शकते. मोटरची पट्टी बिलाशी ताडून बघा आणि व्हॉल्व्ह बसवण्याआधी त्याच्या तोंडात बॅटरी मारून आतला गोळा फिरताना डोळ्यांनी बघा. बसवल्यावर दोन्ही बाजूंचे पाइप हातानं तपासा. वाट बदलली की एक तापला पाहिजे, दुसरा निवत गेला पाहिजे. नवा व्हॉल्व्ह घेतला तेव्हा आम्ही त्याच्या आधी गाळणी बसवली आणि मिस्त्रीचे पाच हजार रुपये एक थंडी जाईपर्यंत मागे ठेवले. तो कुरकुरला, पण तयार झाला.