गंगापूर रोडवरची नमुना बाग: दगडकाम बघायला जाच, तळ्याची नक्कल करू नका

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीने पक्षी, फुलपाखरं, सरडे यांना राहता येईल अशी छोटी बाग ग्राहकांना दाखवण्यासाठी तयार केली आहे. त्यातली कोरड्या रचाईची भिंत इतकी नेटकी आहे की फक्त तेवढ्यासाठी चक्कर मारली तरी चालेल.

भिंत आपल्याच भागातल्या काळ्या पाषाणाची, सिमेंटचा थेंबही न वापरता उभी केलेली. उंची 3 फूट, तळाशी रुंदी 2 फूट, माथ्याला सव्वा फूट. दोन्ही अंगं आत झुकलेली. वरचा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसलाय, त्यामुळे सांध्यावर सांधा कुठेच आलेला नाही. दीड फूट उंचीवर दर 3 फुटांनी भिंतीच्या आरपार जाणारा एकेक लांब दगड घातलाय. दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात ती त्याच्यामुळे. मधल्या पोकळीत माती न टाकता चिपा (दगडाचे छोटे तुकडे) ठासल्या आहेत, आणि हेच बहुतेक ठिकाणी चुकतं. माती भरली की पावसाळ्यात ती फुगते, वाहते आणि भिंतीला पोट येतं.

पायाही नीट घेतलाय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम लागेपर्यंत खोदलं आणि वर खडी धुमसली. तुमच्याकडे काळी माती खोल असेल तर एवढी उंच भिंत घेऊ नका. दीड फुटाचा कट्टा करा.

पूर्वेकडच्या अंगाला बोटभर फटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्यात. एका फटीच्या तोंडाशी कुंभारमाशीने चिंचोक्याएवढं मातीचं मडकं चिकटवलंय, त्याच्या खालच्या थरात सापसुरळीची ये-जा चालू असते. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या असत्या तर यातलं काहीही आलं नसतं. ‘मग साप येईल का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. साप बहुधा उंदरांमागे येतो. म्हणून भिंतीजवळ धान्य टाकू नका, कचरा साठू देऊ नका, पायथ्याच्या मोठ्या फटी चिपांनी बुजवा आणि भिंत घराच्या दारापासून लांब ठेवा.

झाडांची निवड जाणत्या माणसाची आहे. लिंबू आणि कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसतात, म्हणजे अळ्या आहेत आणि औषध फवारलेलं नाही. फुलपाखरांच्या बागेत नेमकं हेच हवं. रुई आहे, जाळीवर ईश्वरीचा वेल आहे. कुंपणाला लावलेली घाणेरी मात्र काढायला हवी. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण पक्षी तिचं बी माळरानावर नेऊन टाकतात आणि तिथलं गवत मरतं. तिच्या जागी कोरांटी किंवा अडुळसा चालेल.

तळं निराश करतं. चारही बाजू उभ्या, काठाला गुळगुळीत ग्रॅनाइट. पाणी प्यायला उतरलेली खार किंवा पक्ष्याचं पिल्लू आत पडलं तर वर येण्याची सोयच नाही. डासांसाठी सोडलेले गंबुसिया मासे बेडकांची पिल्लंही फस्त करतात, म्हणजे डास खाणारा एक गडी आपणच कमी करतो. उपाय अवघड नाही: एका बाजूला खडबडीत दगडांचा उतार द्या, 1 फूट खोलीला 3 फूट लांबी. त्यातला वरचा टप्पा 1 ते 2 इंच पाण्यात राहिला की बुलबुल, दयाळ अंघोळीला उतरतात.

भिंतीचं काम या नर्सरीकडून करून घ्यायचं असेल तर दर रनिंग फुटावर, म्हणजे भिंतीच्या लांबीच्या फुटावर सांगतात. त्यात पायाचं खोदकाम आणि मातीची वाहतूक धरलेली नाही, हे आधीच लिहून घ्या. वरच्या मापाच्या 10 फूट भिंतीला सुमारे 50 घनफूट काम होतं. दगड ढिगात पोकळ मोजला जातो, काही घडाईत वाया जातो, म्हणून पाऊण ब्रास (75 घनफूट) मागवा. नदीपात्रातले गोटे घेऊ नका: ते गोल असल्याने बसत नाहीत आणि उचलले की नदीतल्या जिवांचा आसरा जातो. जुन्या वाड्याच्या पाडकामातला दगड मिळाला तर उत्तमच, फक्त त्याला चिकटलेला चुना खरवडून घ्या.

पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर, सकाळच्या वेळी जा. पायाशी पाणी तुंबतं का, एखादा थर सरकलाय का, हे तेव्हाच कळतं. आणि निघण्याआधी भिंत रचणारा गवंडी त्या दिवशी तिथे आहे का, ते फोन करून विचारा. दगडाची माहिती काउंटरवर मिळत नाही, त्याच्याकडेच मिळते.