व्हीलॅन द्यायचा कशावरून: पोर्ट, मॅक की लॉगिन?

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर सेटिंगने पाडलेलं वेगळं नेटवर्क. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच बसवताना कुणाला कोणता व्हीलॅन हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत आधीच सांगतो. जागचं न हलणाऱ्या यंत्राला पोर्टवरून, म्हणजे स्विचच्या ज्या सॉकेटला केबल आहे त्यावरून व्हीलॅन द्या, माणसाबरोबर फिरणाऱ्या लॅपटॉपला ८०२.१एक्स, म्हणजे केबल लावताच लॉगिन मागणारी पद्धत लावा. मॅकवरचा, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरचा नियम फक्त लॉगिन करता न येणाऱ्या यंत्रांसाठी ठेवा.

पोर्टवरून देणं सगळ्यात सोपं. पोर्ट १४ ला व्हीलॅन ३० लावला की तिथे जे जोडाल ते ३० मध्ये. वेगळा सर्व्हर लागत नाही. लाइट जाऊन आली तरी स्विच उठला की काम चालू. शॉपफ्लोअरवरच्या सीएनसी मशीनला मी दुसरं काही लावत नाही. घोळ होतो तो ऑफिसात. सातपूरला एका ठिकाणी टेबलं हलवताना कॅमेऱ्याची केबल अकाउंट्सच्या लॅपटॉपला लागली. लॅपटॉपला आयपी मिळाला, पण कॅमेऱ्यांच्या रेंजमधला, त्यामुळे टॅली उघडेना. दीड तास सर्व्हर तपासला आणि शेवटी पॅच पॅनेलवरचं (सगळ्या केबल एकत्र येतात त्या पट्टीवरचं) लेबल वाचल्यावर उलगडा झाला. बाहेरच्या माणसाने केबल लावली तरी स्विच असाच विनातक्रार आत घेतो.

मॅकच्या यादीवरून दिला तर केबल कुठेही लावा, व्हीलॅन बरोबर मिळतो. पण मॅक पत्ता प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि लॅपटॉपवर तो बदलायला दोन मिनिटं पुरतात. ही ओळख झाली, सुरक्षा नव्हे. शिवाय लॅपटॉप डॉकवर (टेबलावरच्या जोडणीच्या डब्यावर) लावला की स्विचला बहुतेक वेळा डॉकचा मॅक दिसतो. मग साहेब बसोत की ट्रेनी, व्हीलॅन एकच.

८०२.१एक्समध्ये स्विच आधी ओळख विचारतो आणि रेडियस सर्व्हरकडून (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडून) खात्री करून घेतो. सर्व्हर होकाराबरोबर तीन गोष्टी पाठवतो: टनेल-टाइप १३ (म्हणजे व्हीलॅन), टनेल-मीडियम-टाइप ६ (म्हणजे ८०२ नेटवर्क) आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा नंबर. तो व्हीलॅन स्विचवर आधी बनवलेला हवा. पहिल्या दिवशी बहुतेकांची गाडी इथेच अडते. सर्व्हरसाठी फ्रीरेडियस फुकट आहे. विंडोज सर्व्हर असेल तर एनपीएस (मायक्रोसॉफ्टचा रेडियस सर्व्हर) त्यातच मिळतं. खरा खर्च वेळेचा, डिजिटल सर्टिफिकेट आणि लॅपटॉपच्या सेटिंगवर जाणारा. सर्व्हर बंद पडला तर पोर्टने काय करायचं, तेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर लाइट आल्यावर सर्व्हर उठेपर्यंत अख्खं ऑफिस ताटकळतं.

प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन यांना लॉगिन जमत नाही. त्यांच्यासाठी त्याच पोर्टवर मॅब (मॅकवरून ओळख) लावा, म्हणजे लॉगिनचं उत्तर आलं नाही की स्विच मॅक पत्ता सर्व्हरला विचारतो. सिस्कोच्या डीफॉल्ट सेटिंगवर यात ९० सेकंद जातात. तेवढ्यात प्रिंटर आयपी मागून थकलेला असतो. टीएक्स-पीरियड (पुन्हा विचारण्याआधी स्विच थांबतो तो वेळ) ३० सेकंदांवरून १० वर आणा, काम अर्ध्या मिनिटावर येतं.

स्विच घेताना डेटाशीट नीट वाचा. ८०२.१एक्स लिहिलेलं असूनही रेडियसकडून आलेला व्हीलॅन न घेणारे स्वस्त स्मार्ट स्विच आहेत. दुकानदाराला ‘डायनॅमिक व्हीलॅन असाइनमेंट’ आहे का, असंच विचारा.

सुरुवात ऑफिसच्या एका स्विचपासून करा, तीही ओपन मोडमध्ये, म्हणजे लॉगिन फसलं तरी कुणाचं काम अडणार नाही. आठ दिवस लॉग बघा. त्यात रोज नापास होणारे जे पत्ते दिसतील, त्यांतली आपली यंत्रं ओळखून काढा. तीच तुमची मॅबची यादी.